वत्सला मॅडमच्या साली

वत्सला मॅडम गेल्याचं मला कॉलेजच्या फलकावर कळलं. त्यावर त्यांचा विषयसुद्धा धड नव्हता, रसायनशास्त्राऐवजी वनस्पतिशास्त्र! शोकसभेत संस्थेचे अध्यक्ष अर्धा तास बोलले, बहुतेक स्वतःबद्दलच. मॅडमना हयातभर ‘सालीवाली’ म्हणून हिणवणारी तोंडं पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसली होती… त्या रांगेत मीही होतो.

जालन्यात आम्ही एकाच विभागात शिकवायचो. नव्वदनंतरची गोष्ट. शहराबाहेर यंत्रांच्या भागांना क्रोमचा मुलामा देणारा कारखाना निघाला आणि त्याच्या शेजारी शेत असलेल्या कौसाबाईंची विहीर पिवळी पडली. त्या बाटली घेऊन विभागात आल्या. “हळदीवानी झालंय पाणी. ढोरं तोंड लावून न्हाई राह्यली.” आमच्या विभागप्रमुखांनी त्यांना दारातूनच कटवलं. मॅडमनी बाटली ठेवून घेतली. रसाच्या गाड्यांवरून मोसंबीच्या साली गोळा केल्या, वाळवल्या, आम्लात भिजवून धुतल्या आणि काचेच्या नळीत भरल्या. वरून ओतलेलं पिवळं पाणी खाली नितळ उतरलं, क्रोमियम सालींनी धरून ठेवलं होतं. “आता सरबत पाजा,” म्हणून आम्ही विद्वान मंडळी खिदळलो.

कारखानदाराला मात्र त्यात वर्तमानपत्रातला फोटो दिसला. अध्यक्षांचा व्याहीच तो. त्यानं सालींची मोठी टाकी बसवली, फीत कापली, भाषण ठोकलं. साली भरल्या की बदला, आणि काढलेल्या साली जपून ठेवा, विष आता त्यांच्यात आहे, असं मॅडम सांगत राहिल्या. त्या महाभागानं त्या साली कौसाबाईंच्याच बांधावर ओतल्या. वर म्हणाला, खत आहे!

पाहणीला प्रदूषण मंडळाचे अधिकारी आले. पाणी शुद्ध होतं अशा प्रमाणपत्रावर त्यांना मॅडमची सही हवी होती. बिस्किटं खाणं चाललं होतं. मॅडम एक ओली गोणी ओढत आत आल्या आणि टेबलावर उपडी केली. “पान्यातून काढलं अन् मातीत घातलं तुम्ही. मी सही करणार न्हाई. बिलकुल न्हाई.”

मग त्या प्रमाणपत्रावर सही माझी झाली. मला विभागप्रमुख व्हायचं होतं, झालो. कौसाबाईंनी विहीर बुजवली. मॅडमना निवृत्तीपर्यंत पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकांना जुंपलं गेलं. त्यांनी मला कधी जाब विचारला नाही. एकदाच, हजेरीपट पुढे सरकवत म्हणाल्या, “सही मोठी सुबक करता हो, सर.” अध्यक्षांना मी नीच समजतोच. पण ते निदान लोभी होते, मी भित्रा होतो… त्यांच्यापेक्षा हलका.

परवा मॅडमच्या घरी गेलो. यजमानांनी मागची खोली उघडली. जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टिकची पिंपं, झाकणं मेणानं बंद केलेली.

“बांधावरून येचून आनल्या हिनं साऱ्या. हातमोजे घालून, कित्येक रविवार,” ते म्हणाले. “आता मी कुठं नेऊ, सर?”

प्रत्येक पिंपावर तांबड्या रंगात दोनच शब्द होते : टाकू नये.