वाजवून पाहिलेलं चाक

भाच्याने ठाण्याहून आणलेलं टर्बोचं चाक, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारं मुठीएवढं पात्यांचं चाक, इतकं हलकं होतं, की वाऱ्याने जाईल म्हणून मी त्यावर भाताचं पोतं ठेवलं होतं. पोशेऱ्याजवळच्या आमच्या पाड्यात जीप एकच, माझी. आणि जुनं चाक झिजल्यापासून माणसं भरली की ती चढ चढेना.

"मामा, हे साधं मिश्रण नाही," भाचा म्हणाला होता. "टायटॅनियम नि अॅल्युमिनियमचे अणू यात पंगतीसारखे ठरल्या जागी बसलेत. म्हणून लाल तापलं तरी मऊ पडत नाही. विमानाच्या इंजिनात याची पाती घालतात. पण गार असताना जपा. वाकणार नाही, तडकेल."

पहिला भाग मी पाडाभर सांगितला, वर फोडणी घालून: विमान जळेल, पाती सूर्याला शिवून परत येतील! शेवटचं वाक्य कुणालाच सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

त्या सकाळी मी टर्बो उघडून बसलो होतो. जुन्या चाकाचा दांडा काढतानाच मोडला, म्हणजे ते परत बसणार नव्हतं. तेवढ्यात घरात बाची छाती आवळून आली. घामाने अंथरूण भिजलं. फोन लावला, तर अँब्युलन्स जव्हारला पेशंट घेऊन गेलेली. मी नवं चाक उचललं, आणि हाताने सवयीचं काम केलं. खोडाळ्याच्या बाजारात कोयता घेताना आम्ही आधी दगडावर वाजवतो. खणकला तरच घ्यायचा, बद्द वाजला तर आत तडा. बानेच शिकवलेलं. मी चाक पायरीवर वाजवलं.

टक्. एक पातं उडून कोंबड्यांत पडलं.

मग बांबूला चादर बांधून डोली केली. चौघांनी खांदा दिला. बा आतून कण्हत म्हणाला, "बांबू वाजवून बघितलास काय रे, शहाण्या?"

बांबू पावलागणिक वाकत होता, मोडत नव्हता. शेवटच्या उतारावर बा गप्प झाला.

"बा, शिवी तरी दे."



डांबरी रस्त्यावर भाजीचा टेम्पो थांबवला. वांग्यांच्या क्रेटांत त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी बरळत सुटलो. टेम्पो उडतोय बा, खाली ढग दिसतायत, विमानवाले वाट सोडतायत! घसा सुकला, तरी थांबायची हिंमत होईना.

मोखाड्याचा दवाखाना आला तेव्हा मिटल्या डोळ्यांनी तो पुटपुटला, "गप रे, खोटारड्या."

बारीक आवाज होता. मी कान लावून ऐकला. तडा गेलेला वाटला नाही. निदान मला तरी.