टाळू भरली का?

आमच्याकडे बाळ झालं की येणारा-जाणारा आधी त्याच्या टाळूवर हात ठेवतो. नाव नंतर, रंग नंतर, कुणावर गेलंय याची भांडणं त्याहून नंतर. "टाळू भरली का?" हा खुशाली विचारायचाच एक प्रकार आहे. त्यामुळे धाकट्या भावाने फोनवर सांगितलं, "आक्का, पोराची टाळू लई लवकर भरली बघ, मावशीच्या हाताला गुण हाय," तेव्हा तो खुशीत होता. मी मात्र महिने मोजले; टाळू भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पोरगं अजून नीट पालथंसुद्धा पडत नव्हतं.

मी परळीत राहते आणि मानेची, डोक्याची दुखणी हाताने बघते. आधी फिजिओथेरपी शिकले, मग पुण्यात एका बाईंकडे ऑस्टिओपॅथीतलं कवटीचं काम शिकले. या विद्येचं म्हणणं असं, की कवटी म्हणजे एकसंध मडकं नव्हे. तिची हाडं शिवणींनी जोडलेली असतात आणि त्या शिवणींवर ती अगदी बारीक हलत असतात. बाळंतपण, पडझड, डोक्यावरचं ओझं यांनी त्यांत ताण बसतो. कुठे पीळ पडतो, कुठे एक बाजू कलंडते, कुठे हाड हाडावरून सरकतं. तो ताण हाताने ओळखायचा आणि नुसता आधार देऊन सुटू द्यायचा.

डॉक्टर लोक याला हसतात. मोठ्या माणसाच्या कवटीत हलण्यासारखं काही उरत नाही, तुम्हाला तुमच्याच बोटांतली नाडी लागते, असं एकाने मला तोंडावर सांगितलं होतं. मी फटकळ, त्याला तिथल्या तिथे दोन सुनावले. पण घरी येऊन आरशासमोर स्वतःचंच डोकं धरून उभी राहिले होते, हेही खरं.

चकलांबा गावाच्या अलीकडे आमची वस्ती, भाऊ तिथेच राहतो. मी पोहोचले तेव्हा दसरा होऊन गेला होता आणि दारोदार ऊसतोडीला निघायची तयारी चालली होती. ताडपत्र्या झटकल्या जात होत्या, शेळ्या कुणाकडे ठेवायच्या याची बोलणी चालू होती. भाऊ आणि भावजय, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दर वर्षी जात, तसे यंदाही निघणार होते, फक्त या खेपेला कडेवर बाळ होतं.

मावशी न्हाणीत पाय पसरून बसली होती आणि बाळ तिच्या पायांवर. ही शेजारची म्हातारी. आई गेल्यापासून आमच्या घरातली सगळी बाळं तिनेच न्हाऊ घातली. कोमट तेलाचा हात टाळूवर दाबत ती मला म्हणाली, "बग, कशी गच्च झालीया. माज्या हातचं पोर कंदी लिबलिबीत राह्यलं न्हाई."

मी बाळ घेतलं. समोरून डोकं अरुंद दिसत होतं आणि मागे लांब ओढल्यासारखं. कपाळावरच्या शिरा ठसठशीत होत्या. दोन्ही तळव्यांत डोकं धरलं तेव्हा मधोमध, पुढून थेट मागेपर्यंत, एक उंचवटा बोटांना लागला, गोधडीच्या जाड शिवणीसारखा. तान्ह्या बाळाचं डोकं बोटाखाली थोडंसं दबतं, जागा देतं. हे देत नव्हतं. मी डोळे मिटून थांबले. मावशीची बडबड थांबली, चुलीवरचं पाणी उकळायला लागलं, तरी हाताला काहीच आलं नाही. डोळे उघडले तर बाळ माझ्याकडे बघून हसत होतं.

बाहेर येऊन मी भावाला साध्या भाषेत सांगितलं. शिवण वेळेआधी मिटलीय. मेंदूला वाढायला जागा लागते. ती नाही मिळाली तर आत दाब वाढू शकतो, नजरेवर जाऊ शकतं, बुद्धीवर जाऊ शकतं. संभाजीनगरला मोठ्या डॉक्टरकडे नेऊ, फोटो काढू. ऑपरेशन लागेल, आणि ते लवकर झालेलं बरं.

"ऑपरेशन? डोस्क्याचं?" भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. "लोकांची डोकी हातानं सोडवतीस म्हनून सांगतीस ना आक्का? मग घरच्या पोराचं सोडव की. कापायचं कावून?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दर राखीपौर्णिमेला याच ओट्यावर बसून मी माझ्या हातांच्या बढाया मारल्या होत्या.

"मिटलेलं हाड माझ्या हाताने उघडत नाही रे," मी म्हणाले.

"मग गुडीपाडव्याला माघारी आलो की बगू."

पाडव्यापर्यंत पोराचं वर्ष सरत आलं असतं. मी ओरडले, विनवलं, पुन्हा ओरडले. मावशीने पदर डोळ्याला लावला. तिने भरलेली टाळू मी फोडायला निघाले, असं तिला वाटलं. पिकतं तिथं विकत नाही, हे मी आयुष्यभर ऐकत आले, पण त्याचा इतका राग कधी आला नव्हता. भावजय बाळाचं टोपडं पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर आला. बाया बोचक्यांवर चढून बसल्या. भावजयही चढली, मी बाळ तिच्या हातात दिलं. भाऊ मागे दोर आवळत होता. ट्रॅक्टर सुरू झाला तशी ती खाली वाकली.

"आक्का, खरं सांगा. मी पोटुशी असताना तुमी माजं डोकं धरून म्हनला, हालतंय. समद्यांचंच हालतंय म्हनला. ह्याचं?"

मला एकदम त्या डॉक्टरचं हसणं आठवलं. मोठ्यांच्या डोक्यांत आजवर मला काय लागलं, हाडं की माझी नाडी, याची शपथ मी घेऊ शकले नसते. या डोक्याची घेऊ शकत होते.

"न्हाई हालत," मी म्हणाले.

तिने बाळ माझ्याकडे खाली दिलं आणि स्वतः उतरली. भाऊ धावत आला. "अगं, अर्ध्या कोयत्याला कोन इचारतंय? टोळीचं काय?"

"तुमी जावा," ती म्हणाली.

तो गेला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संभाजीनगरच्या डॉक्टरने फोटो उजेडापुढे धरला. शिवण पुढून मागपर्यंत मिटली होती. मग त्याने पेनाच्या टोकाने दाखवलं. मेंदूने आतून रेटून रेटून हाडावर ठसे उमटवले होते. "दाब आहे," तो म्हणाला. "नजरेचं आत्ताच काही सांगता येणार नाही."

ऑपरेशन झालं. आता भावजय आणि बाळ माझ्याकडे परळीत आहेत. खिडकीत रोज इथल्या वीज केंद्राची राख साठते, ती मी ओल्या फडक्याने पुसते. बाळाच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत व्रण आहे. खुळखुळा हलवला की कधी तिकडे बघतं, कधी बघत नाही, आणि तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही. हाड जिथून काढलं तिथे डोकं मऊ लागतं. भावजय त्याला हात लावायला घाबरायची. एके दिवशी मीच तिचं बोट धरून तिथे टेकवलं. खाली धडधडत होतं. तिने हात झटकन मागे घेतला आणि रडायला लागली.

त्यानंतर भावाचा फोन आला. मागे उसाच्या फडातला गलका ऐकू येत होता. इतक्या दिवसांत तो माझ्याशी बोलला नव्हता. काय बोलावं हे त्यालाही सुचेना, म्हणून त्याने सवयीने तेच विचारलं.

"टाळू भरली का?"

मी फोन पुढे केला. भावजयीने फोन घेतला. दुसऱ्या हाताचं बोट तिने अलगद त्या मऊ जागेवर ठेवलं.

"न्हाई," ती म्हणाली. "आन इतक्यात भरू बी नगं."