मनोविज्ञानाचे पंचवीस प्रश्न

आमच्या हिंदी बोलणाऱ्या शहरात कचेरीच्या आवारात बसून मी बावीस वर्षे लोकांचे हिंदी अर्ज लिहिले. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि माझ्या हातचा अर्ज भाषेच्या दोषाकरिता कधी परत आला नाही, हे येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो. माणूस आपली तक्रार वाकडीतिकडी सांगतो. ती ऐकावी, सरळ करावी आणि त्याला वाचून दाखवावी, ही माझी रीत. ऐकून बहुतेक जण म्हणत, “मुंशीजी, यही तो कहना था.”

माझी एकुलती मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मनोविज्ञानात नापास झाली आणि तिला पूरक परीक्षेला बसावे लागले. त्यातही नापास झाली असती तर वर्ष वाया जाणार होते. तिची आई जाऊन तीन वर्षे झाली होती. घरात आम्ही दोघेच, आणि आमच्यातले संभाषण म्हणजे पोळ्या किती करू आणि पाण्याची मोटर लावली का, एवढेच. शेजाऱ्यांकडे नुकतीच केबल आली होती. भिंतीपलीकडचे हसणे आमच्याकडे स्पष्ट ऐकू येई.

एके संध्याकाळी तिने फ्रीगंजाच्या बाजारातून आणलेला प्रश्नसंग्रह माझ्यापुढे ठेवला. “बाबा, तुम्ही नुसते प्रश्न विचारा. पाठ झालंय की नाही ते कळतं.”

त्या दिवसापासून दिवेलागणीनंतरचा दीड तास आमचा झाला. परीक्षा तिची होती. परंतु खरे सांगायचे तर त्या दीड तासाची गरज मला अधिक होती. दुपारपासूनच माझे लक्ष घड्याळाकडे असे.

मी विचारी, “विस्मृति के कारण बताइए.”

ती छताकडे पाहत सांगे, “म्हणजे बघा, नवीन गोष्ट जुनीवर येऊन बसते, मग जुनी सापडत नाही. आणि जी नकोशी असते ती आपणच मागे ढकलतो.”

उत्तर बरोबर होते. पण ती भाषा माझ्याने सहन होईना. मी म्हणालो, “बेटा, असं लिहिलंस तर परीक्षक काय म्हणेल? थांब.” आणि फुलस्केप कागदावर तिचे उत्तर मी सुवाच्य, भारदस्त हिंदीत उतरवून दिले. तिने ते पाठ केले. पुढे हाच क्रम पडला. ती दोन ओळी सांगे, मी पानभर लिही. हळूहळू तिने सांगणे सोडले आणि माझ्या कागदाची वाट पाहू लागली. मला वाटले, काम सोपे झाले.

कॉलेजात सराव चाचणी झाली. ती घरी आली ती चपला न काढताच, आणि उत्तरपत्रिका माझ्यासमोर टाकली. पहिलेच उत्तर ‘सविनय निवेदन है कि विस्मृति के मूलतः चार कारण दृष्टिगोचर होते हैं’ असे सुरू झाले होते. चारपैकी दोनच कारणे पुढे आली होती. समासात लाल शाईने शेरा होता: ‘उत्तर दीजिए, अर्ज़ी मत लगाइए.’

“मॅडमनी पूरी क्लासला वाचून दाखवलं,” ती म्हणाली. “मागून एक जण ओरडला, नीचे अंगूठा भी लगा दे!”

“मॅडमना भाषेची जाण नाही,” मी म्हणालो.

“आणि मला विषयाची नाही, हो ना? मला येत होतं, बाबा! तुमचं वाक्य आठवता आठवता माझं गेलं.”

दुसऱ्या दिवसापासून ती माधव नगरात मैत्रिणीकडे अभ्यासाला जाऊ लागली. प्रश्नसंग्रह मात्र घरीच राहिला. मैत्रिणीकडे दुसरा होता.

मी त्याच वेळेला त्याच जागी बसत असे. कचेरीतून आल्यावर दुसरे करण्यासारखे काही नव्हते. एकदा उत्तराचे पान हाताने झाकून मी स्वतःलाच मोठ्याने प्रश्न केला: अवधान म्हणजे काय? मीच लिहून दिलेले उत्तर होते ते. ‘वस्तुतः’ आठवले, ‘दृष्टिगोचर’ आठवले, ‘तात्पर्य यह है’ आठवले. तात्पर्य काय होते, ते आठवेना. मी पुन्हा प्रयत्न केला. आमच्या खोलीत माझाच आवाज मला परका वाटला, म्हणून मी थांबलो. ती दोन ओळींत काय म्हणाली होती ते मी त्या वेळी लक्ष देऊन ऐकलेच नव्हते. पुढची वाक्यरचना जुळवीत होतो.

परीक्षेला आठवडा असताना मी संपूर्ण पुस्तक वाचून काढले आणि पंचवीस प्रश्न स्वतः तयार केले. छापील नव्हेत, उलटसुलट, आडून विचारलेले. उत्तर एकाचेही लिहिले नाही. माझ्या हातून प्रश्नाखालची जागा कोरी सुटण्याचा तो पहिलाच प्रसंग. कागद तिच्या पिशवीवर ठेवून मी म्हणालो, “आज मी नुसतं विचारीन. एक अक्षर लिहिणार नाही.”

तिने उभ्याउभ्याच कागद वाचला. “चांगले काढलेत,” ती म्हणाली, आणि घडी घालून पिशवीत ठेवला. “येते.”

मी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातली एक परत भिंतीशी लावली.

ती आली तेव्हा चेहरा मोकळा होता. “बाबा, एकोणीस आले! मैत्रीण विचारत होती, मी पुस्तक बंद करून सांगत होते. तुमचे प्रश्न खतरनाक आहेत, ती म्हणाली.”

“आणि सहा चुकले ते कोणते?” मी लगबगीने चष्मा शोधला. “आण, ते आपण आत्ता बसून...”

“ते तिने लगेच समजावले,” मुलगी म्हणाली. “आता येतात मला.”

पूरक परीक्षेत ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. त्या सहा प्रश्नांचे क्रमांक मी नंतर दोनदा विचारले. तिला ते आठवत नव्हते.