बारसं अडवणारी आत्या

आमची मालूआत्या कुणाच्याही घरी गेली की चहाच्या आधी कपाट हलवून बघायची. ते भिंतीला पक्कं केलेलं नसलं आणि शेजारी कुणाचं अंथरूण पडत असलं, तर घरमालकाची कानउघाडणी ठरलेली. मग निवांत बसून दोन कप चहा प्यायची. इंजिनिअर बाई म्हणून पाहुण्यांत तिचा दरारा होता आणि तिला घरी बोलवायची थोडी धास्तीही.

कोल्हापुरात इमारतींची डिझाइनं करण्यात तिचं आयुष्य गेलं. स्लॅबच्या दिवशी कामगारांना मटणाचं जेवण घालायची आपल्याकडची रीत. आत्या काँक्रीट पडायच्या आधी पदर खोचून वर चढायची आणि सळ्यांभोवतीच्या रिंगा बोटांनी चाचपायची. रिंगांची टोकं आत वळवलेली नसली की मिक्सर बंद. मटण निवायचं, ठेकेदार चरफडायचा, आत्या हलायची नाही. "हिसका बसला की ही टोकं उघडत्यात. मग आतलं काँक्रीट धरणार कोण?" एवढंच म्हणायची.

हा हट्ट तिनं भूजहून आणला होता. भूकंपानंतर ती गुजरातेत पाहणीला गेली होती, आणि परतल्यावर बरेच दिवस तिला जेवण जात नव्हतं. खाली गाड्यांसाठी नुसते खांब आणि वर घरं, अशा इमारती तिनं खालच्या मजल्यावर बसलेल्या पाहिल्या. वरच्या खिडक्यांचे पडदेसुद्धा जागेवर होते म्हणे. खालचा मजलाच नाहीसा.

नेमकं तसंच घर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गडमुडशिंगीत काढलं. खाली रस्त्याच्या तोंडाला नुसत्या खांबांवर सलग गाळे, वर आम्ही. धाकटी बहीण खोडा घालणार हे माहीत असल्यामुळे नकाशा तिला दाखवलाच नाही. खांब उभे राहिले, वरचा मजला झाला आणि माझी मुलगी जन्मली. मला बहीण नाही, त्यामुळे नाव ठेवायचा मान आत्याचा. बारसं नव्या घरातच, असं आण्णांनी ठरवलं. आत्या आली, खालून एक फेरी मारली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीशीच थांबली.

"दादा, वर लेकरू निजणार आणि खाली नुसतं खांब. ह्या घरात मी नाव ठेवणार न्हाय."

"मग ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले.

ती आल्या पावली परत गेली. भावाबहिणीचं बोलणं बंद झालं. दुसऱ्या कुणी नाव ठेवावं म्हटलं, तर आण्णाच ऐकेनात, मान बहिणीचाच. पोरगी बिननावाची रांगायला लागली. नातीचं नाव काय ठेवलं, असं गल्लीत कुणी विचारलं की आण्णा उसाच्या तोडीचा विषय काढायचे.

शेवटी एका सकाळी ते स्वतःच तिच्या दारात गेले. तिथं काय बोलणं झालं ते दोघांनीही सांगितलं नाही. पण दोन्ही टोकांचे गाळे गेले आणि तिथं आत्याच्या नकाशाप्रमाणं पायापासून वरपर्यंत काँक्रीटच्या भिंती उठल्या. बारशाला मुलगी पाळण्यात टिकेचना. आत्यानं तिला मांडीत घट्ट धरून कानात नाव सांगितलं. रीतीप्रमाणं बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि त्यांच्यात घुसून आण्णांनीही तिला एक घातला. आत्या हसता हसता रडली.

दोन पावसाळ्यांमागं आत्या गेली. नव्या इमारतीखालून जाताना मी तिच्यासारखाच वाकून बघतो आणि तिची इतकी आठवण येते की रस्त्यातच थांबावं लागतं. निदान भांडायला तरी ती हवी होती.

परवा दुपारी जमिनीनं हलकासा हिसका दिला. मांडणीवरची भांडी वाजली, गल्ली रस्त्यावर आली. आम्ही खाली उतरेपर्यंत सगळं थांबलंही होतं. एवढ्याशा हिसक्यानं काय कळतंय, असं आत्याच म्हणाली असती. पण आण्णा कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या भिंतीवर तळहात टेकून बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"मालूला फोन लाव. म्हणावं, घर उभं हाय."

मी फोन काढला आणि तिचं नाव शोधू लागलो. दोन पावसाळे झाले तरी ते मी पुसलं नव्हतं.