शेडमधली ताजी माती

काल जळकोटला एका शेडमध्ये मातीत मुरलेल्या ऑईलचा वास आला आणि मला लोहाऱ्याची ती दुपार आठवली.

जुनी, दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घ्यायला मी तिथं गेलो होतो. सोबत मामा होते, बाजारात बैल पारखणारे. मालकाच्या अंगणात गाडी नुसती चमकत होती. एका किल्लीत इंजिन सुरू झालं आणि मी मनातल्या मनात ती घेऊनही टाकली.

मामांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. मालकाला म्हणाले, "ही रोज कुठं बांधता?"

मालक खो खो हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा मात्र सरळ मागच्या शेडमध्ये गेले आणि तिथं पसरलेली ताजी माती त्यांनी काठीनं उकरली. खाली जमीन ऑईलनं काळीकुट्ट झाली होती; इंजिन गळत होतं.

"दाखवायला समदेच धुऊन आणत्यात," मामा मला म्हणाले. "आपुन गोठा बघायचा."

आता जुन्या गाड्या तपासायला लोक मला कळंबपर्यंत बोलावतात. बॉनेट मी सगळ्यात शेवटी उघडतो. आधी विचारतो, "ही रोज कुठं बांधता?"

मालक अजूनही हसतात. तोवर मी शेडकडं निघालेला असतो.