मोरचुदाची भिंत

पाचगणीतलं ते घर मी पसंत केलं ते फक्त पश्चिमेच्या खिडकीसाठी. दोन खोल्या, भाड्याच्या. शेजारच्या भागात घरमालकीण मावशी एकट्या राहायच्या. मी पलूसच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, वय चोवीस, तिथल्या निवासी शाळेत गणित शिकवायला आलेली. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं असतील ती. माझं असं एकटीनं राहणं आप्पांना, म्हणजे वडिलांना, अजिबात पसंत नव्हतं. निघताना त्यांनी बजावलं होतं, "दसरा झाला की येतो बघाय. घर धड नसंल तर सामानासकट माघारी आणीन." आप्पा बोलले की करतात, हे आमच्या गावात कुणालाही विचारा.

मेच्या शेवटी, मी येऊन आठवडाही झाला नसेल, मावशी गवताच्या जाड तट्ट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या. तिकडे पावसाळ्याआधी भिंतींना अशा तट्ट्या बांधतात, म्हणजे पावसाचा मारा थेट भिंतीवर बसत नाही. चार महिने अख्खं घर गवतात गुंडाळलेलं.

"बाई, पश्चिमेची बाजू आधी झाकून घेऊ," त्या म्हणाल्या.

"नको. खिडकी बंद होईल. आमच्याकडे नाही असलं काही करत."

"तुमच्याकडं पाऊस तरी पडतो का?"

झालं, माझं डोकं फिरलं. मी तेव्हा लगेच चिडायचे. आताही चिडते, पण आता आधी कारण शोधते. माझ्या भिंतीला गवताची काडी लागणार नाही, असं मी मावशींना ठणकावून सांगितलं. त्यांनी मुकाट्यानं आपली बाजू बांधून घेतली.

जुलैत माझी पांढरी भिंत हिरवी झाली. ऑगस्टमध्ये खालून काळी पडत गेली आणि वर हिरवा रंग चढत राहिला. हात लावला की बोटं बुळबुळीत व्हायची. ज्या खिडकीसाठी एवढा तोरा मिरवला, तिच्यातून धुक्याखेरीज काही दिसत नव्हतं. घरी पत्रात मात्र मी लिहीत होते, 'घर छान आहे, उजेड भरपूर आहे.'

मग मी भिंतीच्या मागेच लागले. पाऊस जरा थांबला की पदर खोचायचा आणि ब्रश घेऊन बाहेर. आधी धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून घासला. चार दिवस बरं दिसलं. मग शाळेतून पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर मागून आणली. तिनं भिंत उजळली, माझ्या दोन साड्यांवर डाग पडले आणि हाताची सालं निघाली. आठवड्याभरात हिरवा रंग पुन्हा हजर. वर्गात फळ्यावर समीकरण सोडवतानाही माझं लक्ष बाहेरच्या पावसाकडे असायचं. एकदा एका मुलीनं उठून सांगितलं, "बाई, तुम्ही तीच ओळ दोनदा लिहिलीत." मी तिच्यावरच खेकसले. नंतर वाईट वाटलं, पण तिला तसं सांगायला गेले नाही.

सप्टेंबर संपता संपता मला ती युक्ती सुचली. आमच्या बागेत पानांवर दावण्या पडला, म्हणजे खालून पांढरी बुरशी धरली, की आप्पा बोर्डो मारायचे. मोरचुदाचे निळे खडे आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, एकत्र ओतायचे आणि फवारायचे. बुरशी ती बुरशी! पानावरची काय आणि भिंतीवरची काय! मी वाईला जाऊन मोरचूद आणला आणि पलीकडच्या स्ट्रॉबेरीवाल्यांकडून पाठीवरचा पंप मागून घेतला. भिंत जुनाट दुखण्यातली, औषध जोरदार हवं, म्हणून सगळं अंदाजानं दाट कालवलं आणि वरपासून खालपर्यंत मारलं. त्या दिवशी मी चार महिन्यांत पहिल्यांदा गाणं गुणगुणले.

भिंत वाळली तेव्हा बुरशी मेलेली होती आणि भिंत निळी झाली होती. एकसारखी निळी असती तर रंग दिला म्हणून खपवता आली असती. पण कुठे ठिपके, कुठे ओघळ, आणि खिडकीखाली तर नुसतं बरबटलेलं.

"बाई, हे काय मांडलंय?" मावशींनी विचारलं.

मी म्हटलं, वरून चुना देते. तर त्या म्हणाल्या, भिंत आतून अजून ओली आहे, चुना धरणार नाही, पापुद्रे सुटतील. दसरा होऊन गेला होता. मी तीन दिवस शाळेतून आले की घासत बसत होते, आणि निळा रंग काही हलत नव्हता.

आप्पा दुपारच्या एसटीनं आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता थेट त्या भिंतीपाशी गेले. नखानं खरवडलं, नाकाशी नेलं.

"बोर्डो मारलास?"

"हो."

"विळा बुडवून बघितलास?"

कालवलेल्या पाण्यात लोखंडी विळा बुडवायचा; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय असं समजायचं. लहानपणी तो विळा धरायचं काम माझंच असायचं. आणि मी नेमकं तेच विसरले होते.

"चुना कमी पडलाय. आन् दाट किती केलंस ह्ये! बाग असती तर समदी जळून गेली असती."

त्यांनी धोतर वर खोचलं आणि ब्रश घेतला. मी दुसरा घेतला. घासता घासता मी बोलत सुटले. शाळा चांगली आहे, मुली हुशार आहेत, मावशी जवळच असतात, ही भिंत मी ठीक करीन, एवढ्यावरून ठरवू नका.

"आगं, भिंत बघाय कोण आलंय?" आप्पा म्हणाले. "तू हितं सुखात हायस का, एवढं सांग."

माझा हात थांबला. इतके दिवस मी सोडा, पावडर, मोरचूद यांत इतकी गुंतले होते की हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. हो म्हणणं सोपं होतं, पण आप्पांच्या तोंडावर खोटं बोलणं मला कधीच जमलं नाही.

"माहीत नाही, आप्पा," मी म्हणाले. आणि आता सामान बांधावं लागणार म्हणून खाली बघत उभी राहिले.

त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी भिंतीवर ओतलं.

"मग कळंस्तवर ऱ्हा," ते म्हणाले. "कळलं की पत्र टाक. न्ह्याला येईन, न्हाईतर नुसतं भेटाय येईन."

असं म्हणून त्यांनी रिकामी बादली माझ्या हातात दिली. मी आत गेले, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडले.