दादाच्या खोलीकडे वाहणारी हवा

"ठसका लागंना! अवं भावजी, एकालाबी ठसका लागंना!"

मी ओट्यावर चपला काढत होतो, तेवढ्यात वहिनीचा आवाज आला. तो आवाज खिंडीपलीकडच्या खोपोलीतही ऐकू गेला असणार, फक्त तिथल्या लोकांना वाटलं असेल की घाटात इंजिनाने शिट्टी दिली. धावत माजघरात गेलो. मधोमध घमेल्यात लालबुंद निखारे, त्यांवर मिरच्या तडतडत होत्या, मोहऱ्या उडत होत्या. वहिनी कमरेवर हात देऊन उभी. पुतणी बाळाला खांद्याशी धरून भिंतीला टेकलेली.

"पसाभर मिरच्या जाळल्या," वहिनी म्हणाली. "मीठ टाकलं, मोहऱ्या टाकल्या. कुनाच्या नाकाला काय हाय का बघा! माझ्या नातीला कुन्या मुडद्याची दिष्ट लागलीय गं बाई!"

आमच्याकडे दृष्ट काढायची रीत अशी की, मीठ-मोहऱ्या-मिरच्या पोरावरून ओवाळून विस्तवात टाकायच्या. सगळे ठो ठो खोकले तर समजायचं, घाबरायचं काही नाही. ठसका लागलाच नाही तर दृष्ट जबर. आणि वहिनीच्या मिरच्या काही साध्यासुध्या नव्हेत. त्या आमच्या औंढ्यात फोडणीला पडल्या की लोणावळ्याच्या स्टेशनात उभ्या असलेल्या माणसाला शिंक येते, असं मी सांगत असतो. मला खोटं ठरवायला अजून कुणी स्टेशनात जाऊन उभं राहिलेलं नाही.

त्या दिवशी मात्र मी घमेल्यावर नाक नेलं तरी डोळ्यांत पाणी आलं नाही. बाळ मजेत मूठ चोखत होतं. खोटं कशाला सांगू, मीही आधी दृष्टच समजलो.

मग धूर दिसला. तो वर जातच नव्हता. घमेल्यातून हातभर उठायचा, आणि कुणी शेपूट धरून ओढावं तसा वाकून जमिनीलगत सरपटायचा. उंबऱ्यापाशी गेला की पलीकडच्या बंद दाराखालच्या फटीत नाहीसा व्हायचा. दारामागे कुणीतरी खोकत होतं. जीव जाईस्तोवर खोकत होतं.

दारामागे दादा होता.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, वहिनीचा नवरा, पुतणीचा बाप. त्याने सगळी नोकरी एका अणुभट्टीच्या ठिकाणी केली, इथून लांब, समुद्राकाठी. लोक चहा गाळतात, ताक गाळतात, दादा हवा गाळायचा. तसल्या ठिकाणी आतली हवा तशीच बाहेर सोडत नाहीत. मोठाले पंखे ती ओढून घेतात, फिल्टरांतून पाठवतात आणि मगच उंच धुराड्यातून आभाळात सोडतात. फिल्टर म्हणजे काचेच्या तंतूंचा कागद, पेटीच्या भात्यासारख्या घड्या घालून चौकटीत बसवलेला. डोळ्यांना दिसत नाही अशी किरणोत्सर्गी धूळ त्यात अडकून बसते. मी गावात सांगतो, की डासाच्या पंखावरच्या धुळीला जर पोरं झाली, तर त्यातलं सगळ्यात धाकटंसुद्धा त्यातून निसटणार नाही. ही माझ्याकडची फारच थोडी अतिशयोक्ती आहे.

पुढचं मात्र अजिबात वाढवून सांगत नाही. फिल्टर जितका चांगला, तितका तो वाईट होत जातो. जगाला स्वच्छ हवा देता देता सगळी घाण त्याच्याच पोटात साठते. तो बदलायचा तर उघड्या हाताने नाही. लोखंडी पेटीच्या तोंडावर प्लास्टिकची मोठी पिशवी बसवलेली असते. पिशवीतूनच हात घालायचा, फिल्टर पिशवीतच ओढायचा, पिशवीला पीळ द्यायचा, दोन ठिकाणी आवळून बांधायचं आणि दोन गाठींच्या मधे कापायचं. एक गाठ पेटीकडे, एक फिल्टरकडे, मधे हवेला वाटच नाही. यात दादाचा हात धरणारा कुणी नव्हता. मी काही वर्षं त्याच्या हाताखाली होतो. मग भातशेतीपायी परत आलो. आता मावळातच एका शेडमध्ये हे फिल्टर बनतात, तिथे तेलाचा धूर सोडून त्यांची गळती तपासतो. म्हणजे धूर कुठून कुठे जातो हे पाहण्यावर माझं पोट आहे, आणि त्या दिवशी माजघरात तोच धूर मला उशिरा दिसला.

तिथला पहिला नियम असा, की हवा कायम स्वच्छ खोलीकडून घाण खोलीकडे वाहिली पाहिजे. उलटी कधीच नाही. म्हणून घाण खोलीतून पंखा सतत हवा ओढत राहतो. फटीतून बाहेरची आत जाईल, पण आतली बाहेर येणार नाही.

दादाने हाच नियम घरात आणला होता.

झालं होतं असं. एकदा फिल्टर बदलताना पिशवीला गाठीपाशी चीर गेली. मी शेजारीच होतो. दोघांच्याही तोंडावर मास्क होते. भोंगा वाजला, आम्ही बाहेर आलो, अंघोळी झाल्या, मग जाड लोखंडी खोलीत निजवून, ती धूळ आत गेली का ते पाहायला, यंत्राने छाती तपासली. दोघेही स्वच्छ. पुढेही दर वेळी स्वच्छ. गावात ही गोष्ट सांगताना मी भोंग्याच्या आवाजाने समुद्र मागे सरकवतो, साहेबाला बेशुद्ध पाडतो, त्या लोखंडी खोलीचं दार उघडायला क्रेन आणतो. ऐकणारे चहा गार करतात. दादा ती गोष्ट कधी सांगत नाही. तिथे असतानाही त्याने तिचं नाव काढलं नाही. पुढे कितीतरी वर्षं फिल्टर काढत राहिला.

निवृत्त होऊन तो गावी आला आणि पहिल्या रात्रीपासून त्याला झोप लागेना. अंगणात यायचा, तळहात पुढे धरायचा.

"हितं हवा उभी हाय," म्हणायचा.

"अरे दादा, डोंगरावरचा वारा हाय! माणसं पैसे मोजून पुण्या-मुंबईची येतात ह्या वाऱ्याला!"

"वारा येतो नि जातो. घरातली हवा उभी हाय. कुटं जायचं तिला म्हाईत न्हाई."

मला तेव्हा हसू आलं. मग त्याने भंगारवाल्याकडून ब्लोअर आणला. माझ्याकडून फिल्टर मागून घेतला. चौकट चेपलेली म्हणून आमच्या शेडने बाजूला टाकलेला होता, मीच तो डोक्यावरून आणून दिला. थोरल्या भावाचा छंद, मला काय! माजघराला लागून असलेल्या खोलीची खिडकी त्याने पत्रा ठोकून बंद केली, भिंतीत भोक पाडून पंखा बसवला, पुढे फिल्टरची पेटी. दाराखाली फट मुद्दाम ठेवली. पंखा सुरू झाला, सूंऽऽ. दार माजघराच्या बाजूला उघडणारं, ते हवेच्या ओढीने चौकटीला घट्ट चिकटून बसलं. आणि दादा आत राहायला गेला.

एकदा मी दाराशी बसून खोदून खोदून विचारलं तेव्हा आतून म्हणाला, "यंत्र दाखवतं तेवढंच असतं व्हय रं? इतकी वर्सं ती हवा गाळली. मीबी फिल्टरच की."

लोणावळ्याच्या डॉक्टरने त्याची छाती तपासून सांगितलं होतं, की याच्यापेक्षा बिड्या ओढणाऱ्या याच्या भावाची काळजी घ्या. दादाला ते पटलं नाही, मला तर त्याहून नाही.

वहिनी ताट दाराशी ठेवायची आणि बाजूला व्हायची. उष्टं परत यायचं ते प्लास्टिकच्या पिशवीत, पीळ देऊन, दोन गाठी मारून. ती पिशवी उकिरड्यावर टाकताना वहिनी कुणाकडे बघायची नाही. घरात दिवसभर त्या पंख्याची सूं चालायची. पाहुणे विचारायचे, गिरणी आहे का? पडद्यांची टोकं सतत त्या दाराकडे झुकलेली. देवापुढच्या उदबत्तीचा धूरसुद्धा देवाला पाठ करून तिकडे जायचा. मी मोठा बोलघेवडा माणूस, माझ्या बोलण्याने एक्सप्रेसवेवरचे ट्रक वाट चुकतात, पण त्या माजघरात माझे शब्दही तोंडातून निघून फटीकडे ओढले जातात असं वाटायचं. मी तिथे हळू बोलायला लागलो होतो.

आणि आता पुतणी निघाली होती. जावई दुबईला, तिचा आणि बाळाचा व्हिसा आलेला, गाडी दुपारी दारात येणार. परत येईल तेव्हा पोर शाळेच्या वयाची होणार. आजोबाने अजून एकदाही तिला हातात घेतलं नव्हतं. पुतणी चार दिवस त्यासाठीच राहिली होती. रोज दाराशी जाऊन बसायची. तो आतून गप्पा मारायचा, बाळ रडलं की विचारायचा, पोट दुखतंय का गं. दार मात्र नाही.

तर असा तो दिवस. घमेल्यात मिरच्या, बाहेर आम्हाला ठसका नाही, आणि आत दादाचं खोकणं.

"ऐका!" वहिनी कुजबुजली, आणि ती कुजबुजते तेव्हा मला तिच्या ओरडण्यापेक्षा जास्त भीती वाटते. "दिष्ट पोरीची, आन् भोगत्यात हे."

"बाबा म्हणतात ते खरं असेल का, काका?" पुतणीने हळूच विचारलं. "खरंच छातीत काही असेल?"

आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. दिवा कसला, पवनेच्या धरणाचे सगळे दरवाजे उघडावेत तसा उजेड पडला.

"अगं येड्यांनो!" मी मोठ्याने हसलो. "दिष्ट न्हाई आन् आजार न्हाई! सगळा धूर त्याचा पंखा ओढून नेतोय! आपल्या सगळ्यांचा ठसका तो एकटा खातोय आत!"

वहिनीने घमेल्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "आगं माझे आई," म्हणाली, आणि मटकन खाली बसली.

"थांबा, आत्ता दाखवतो." मी भिंतीवरच्या बोर्डाकडे गेलो. पंख्याच्या बटणावर दादाने चिकटपट्टी लावून ठेवली होती, कुणी चुकून बंद करू नये म्हणून. ती मी टर्रकन ओढली. "वहिनी, टाका अजून मिरच्या! हात आखडू नका!"

मी बटण वर केलं.

सूं थांबली. ते घर इतकं गप्प झालेलं मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. धूर क्षणभर जागच्या जागी उभा राहिला. मग वर गेला, आढ्याला लागला आणि आमच्यावर कोसळला. काय सांगू! वहिनी खोकली, पुतणी खोकली, मी असा खोकलो की माझी बत्तिशी बेडशाच्या लेण्यांत जाऊन पडायची तेवढी बाकी राहिली. दारातली कोंबडीसुद्धा पळाली. आणि खोकता खोकता आम्ही हसत होतो. वहिनी डोळे पुसत हसत होती. लग्न होऊन ती घरात आल्यापासून इतकं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

"दादा!" मी ओरडलो. "ऐकलंस का रं? मिरची हाय ती मिरची! तुझ्या छातीत काय न्हाई!"

ओढ नाही म्हटल्यावर ते दार सैल झालं होतं. आपोआप वीतभर उघडलं.

आत अंधार. दादा दाराशीच, पाटावर बसलेला. तोंडाला ओला पंचा बांधलेला. डोळे मिरचीने लाल. दाढी किती पांढरी झाली होती! त्याने पटकन दाराची कडी आतून धरली, पण ओढली नाही.

पुतणी बाळाला घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली. "बाबा, एकदाच. नुसता हात लावा तिला. गाडी येईल आता."

दादाने बाळाकडे पाहिलं. बाळानेही पाहिलं. दादाचा कडीवरचा हात सुटला, खरंच सुटला, मी पाहिलं. दुसरा हात पंच्याला चाचपडत वर आला आणि बाळाच्या पायाकडे जायला लागला.

तेवढ्यात बाळ शिंकलं.

इवलीशी शिंक. मिरचीची. आम्ही तिघंही नाकाडोळ्यांतून वाहत होतो, ती बिचारी एकदाच शिंकली. पण दादाचा हात तिथेच थांबला. त्याच्या डोळ्यांत जे आलं त्याला भीती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पिशवीला चीर गेली तेव्हाही त्याने असं पाहिलं नव्हतं.

"आली," तो म्हणाला. "हवा तिच्याकडं आली." आणि मग जो ओरडला, तो आवाज मी त्याच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता. "घेऊन जा तिला! पंखा लावा! लावा रं कुनीतरी!"

मी जागचा हललो नाही. मला वाटलं, आणखी क्षणभर, क्षणभरच हे असं राहू दे, तो हात पुढे येईल. पण वहिनीला त्याचा तो चेहरा सोसवला नाही. खोकत खोकतच ती उठली, बोर्डापाशी गेली आणि तिने बटण खाली केलं. दार थप्प करून चौकटीला बसलं. धूर पुन्हा वाकला आणि निमूट उंबऱ्याकडे निघाला.

गाडी आली. सामान मी चढवलं. पुतणीने बंद दारापुढे डोकं टेकलं, बाळाचा तळवा दाराच्या फळीला लावला आणि निघाली. वहिनी तिला पोचवायला रस्त्यापर्यंत गेली, ती बराच वेळ परत आली नाही.

मी दाराशी बसलो. फटीतून माझ्या पायांवरून गार हवा आत जात होती.

"दादा," मी शेवटी म्हणालो, "मिरचीच होती ती."

"ठावं हाय. मिरचीचा वास वळखत न्हाई व्हय मी?"

"मग रं?"

आत तो काहीतरी आवरत होता. पाट सरकवल्याचा आवाज आला.

"तू पंखा बंद केलास," तो म्हणाला. "हितली हवा भायेर गेली."